समुद्राजवळचं आरसीसी घर: सळई का गंजते, स्लॅब का फुटतो, आणि काय करायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेली बावीस वर्षं मी कोकणपट्टीत आणि मुंबईत बिल्डिंग रिपेरिंगची कामं करतोय. फोनवर, साईटवर, लग्नात जेवताना सुद्धा लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढलं. घर बांधताना माणूस आयुष्याची कमाई घालतो आणि पंधरा वर्षांत स्लॅबच्या सळया दिसायला लागतात, हे बघवत नाही म्हणून लिहिलंय. लांबलंय, पण जमेल तसं वाचा.

आमचं घर किनाऱ्यावर नाही, दीड किलोमीटर आत आहे. आम्हाला पण धोका आहे का?

आहे, पण किनाऱ्यावरच्या घराएवढा नाही. लाटा फुटतात तेव्हा पाण्याचे बारीक कण हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, कण सुकला की मीठ जिथे बसलं तिथे राहतं. पहिल्या काहीशे मीटरमध्ये हे प्रमाण झपाट्याने कमी होतं, पण वारा जोराचा असला तर काही किलोमीटर आत पण मीठ पोचतं. मध्ये डोंगर आहे का, माडाची दाट बाग आहे का, घर टेकडीवर उघड्यावर आहे का, यावर बरंच अवलंबून. आणि एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे खाडी. समुद्र चार किलोमीटर लांब असेल पण घरामागे भरतीचं पाणी येणारी खाडी असेल तर तुमचा पाया खाऱ्या जमिनीत आहे असंच धरून चाला.

घरातल्या घरात बघायचं झालं तर पश्चिमेची, म्हणजे वाऱ्याकडची बाजू आधी जाते. आणि उघड्या भिंतीपेक्षा छज्ज्याची खालची बाजू, बाल्कनीची खालची बाजू लवकर फुटते. लोकांना वाटतं जिथे पाऊस लागतो तिथे जास्त खराब होणार. पण चार महिने झड लागते ती उघड्या भिंतीवरचं मीठ धुऊन नेते, आडोशाला बसलेलं मीठ मात्र कधीच धुतलं जात नाही, वर्षानुवर्षं साठत जातं आणि दमट हवेत ओलं होऊन आत शिरतं.

सळई तर काँक्रीटच्या आत बंद आहे, मग तिला गंज लागतोच कसा?

काँक्रीट बंद नसतं, हेच आधी समजून घ्या. त्यात डोळ्याला न दिसणारी असंख्य छिद्रं असतात, मिक्सरमध्ये जास्तीचं टाकलेलं पाणी उडून गेलं की त्याची जागा मोकळी राहते तीच ही छिद्रं.

आता चांगली बाजू. ताजं काँक्रीट खूप अल्कलाईन असतं, पीएच साडेबारा-तेराच्या आसपास. अशा वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो असेपर्यंत सळई गंजत नाही, पन्नास वर्षं, शंभर वर्षं. म्हणजे काँक्रीट सळईला नुसतं झाकत नाही, तिला औषध पण पाजत असतं.

हा थर दोन कारणांनी मोडतो. एक म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साईड छिद्रांतून हळूहळू आत जातो आणि काँक्रीटचा पीएच ९ च्या खाली आणतो, याला कार्बोनेशन म्हणतात, हे पुण्यात नागपुरात पण होतं. दुसरं म्हणजे मिठातलं क्लोराईड, ही आपली किनाऱ्याची खास अडचण. क्लोराईडला पीएच कमी व्हायची गरजच नाही, पुरेसं क्लोराईड सळईपर्यंत पोचलं की ते थराला ठिकठिकाणी भोकं पाडतं आणि त्या एका जागी सळई खोल खात जातं. पुरेसं म्हणजे किती, तर सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के हा आकडा बरेच इंजिनिअर धरतात. आणि क्लोराईड त्या गंजण्यात संपत नाही, ते परत परत तेच काम करत राहतं.

एकदा गंज सुरू झाला की गंजाला मूळ लोखंडापेक्षा २ ते ६ पट जागा लागते. काँक्रीट दाबाला भक्कम असलं तरी ताणाला अगदी कच्चं, दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं. त्यामुळे आतून सळई फुगली की बाहेरचं काँक्रीट तडकतं, मग पोपडा सुटतो, मग सळई उघडी पडते आणि मग वेग आणखी वाढतो.

सिंधुदुर्ग आणि जंजिरा शेकडो वर्षं समुद्रात उभे आहेत. आमची बिल्डिंग तीस वर्षांत का मोडकळीला येते? आताचं सिमेंटच खराब आहे का?

हा प्रश्न माझ्या सगळ्यात जवळचा. सिंधुदुर्गचं बांधकाम १६६४ ला सुरू झालं. त्याच्या तटाकडे नीट बघा, दगडावर दगड आहे, सगळं वजन दाबात खाली जातं. लोखंडी सळयांचं जाळं आत कुठेच नाही, त्यामुळे गंजून फुगणार काय? मीठ दगड आणि चुना पण खातं, पण फार सावकाश.

आरसीसीची ताकदच सळईत आहे. बारा फुटांचा स्लॅब खांबाशिवाय अधांतरी राहतो तो त्या सळईमुळे, आणि त्याचा जीव पण तिच्यातच. म्हणून दोन्हींची तुलना करून सिमेंटला शिव्या देणं बरोबर नाही. जुन्या चिऱ्याच्या घराला दर दोन-चार वर्षांनी डागडुजी व्हायची, कौलं चाळली जायची, आपण आरसीसी बांधलं आणि ते अमर आहे असं समजून बघणंच सोडून दिलं.

नवीन घर बांधतोय. एकच गोष्ट सांभाळायची असेल तर कुठली?

कव्हर. सळईच्या बाहेर जे काँक्रीट असतं त्याची जाडी. तुमच्या घराचं आयुष्य त्या दीड-दोन इंचात आहे.

आयएस ४५६, म्हणजे आपल्याकडचं काँक्रीटचं मुख्य कोड, २००० सालच्या आवृत्तीत यासाठी सरळ तक्ता आहे. किनाऱ्याच्या हवेत उघडं असलेलं काँक्रीट 'सिव्हिअर' मध्ये येतं: कव्हर ४५ मिमी, ग्रेड किमान एम३० (एम पुढचा आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट भक्कम), पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, सिमेंट घनमीटरला किमान ३२० किलो. जिथे लाटांचे तुषार थेट उडतात ते 'व्हेरी सिव्हिअर': ५० मिमी, एम३५. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात येणारा भाग, जेट्टीचे खांब वगैरे, 'एक्स्ट्रीम': ७५ मिमी आणि एम४०. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या आतल्या भागाला 'मॉडरेट' चालतं, ३० मिमी आणि एम२५.

आता साईटवर काय दिसतं ते सांगतो. स्लॅबच्या जाळीखाली खडीचे तुकडे सरकवलेले असतात, माणसं वरून चालली की ते निसटतात आणि सळई थेट प्लायला चिकटते. सेंट्रिंग काढल्यावर स्लॅबच्या पोटात सळयांच्या रेषा मोजता येतात. मग गिलावा मारून झाकतात. अहो गिलावा म्हणजे कव्हर नव्हे, तो मीठ अडवत नाही!

कव्हर अर्धं झालं की आयुष्य अर्धं होतं असं लोकांना वाटतं. तसं नाही, ते जवळपास पावपट होतं, कारण कार्बोनेशन काय किंवा क्लोराईड काय, आत शिरण्याची खोली साधारण वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढते. एखाद्या काँक्रीटमध्ये २० मिमी शिरायला २० वर्षं लागली तर त्याच काँक्रीटमध्ये ४० मिमी शिरायला ८० वर्षं लागतील. एक इंचापेक्षा कमी काँक्रीट आणि साठ वर्षांचा फरक. कव्हर ब्लॉकला, म्हणजे सळईखाली ठेवायच्या ठरावीक जाडीच्या ठोकळ्यांना, खर्च किती येतो बघा, अख्ख्या घराचे मिळून एका चांगल्या दाराच्या किमतीइतके पण नसतात. स्लॅबच्या आदल्या दिवशी स्वतः जा, वाकून टॉर्च मारून बघा, टेप लावा. कॉन्ट्रॅक्टर रागावला तर रागावू दे.

ग्रेड एम३० म्हणजे सिमेंट जास्त टाकायचं ना?

पाणी कमी टाकायचं हे जास्त महत्त्वाचं. ०.४५ प्रमाण म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला साडेबावीस लिटर पाणी, त्यातच ओल्या वाळूतलं पाणी पण धरायचं. साईटवर काँक्रीट सरकत नाही म्हणून मिक्सरवाला अजून अर्धी बादली ओततो, कामगारांना सोपं जातं, ती अर्धी बादली म्हणजे तुमच्या स्लॅबमधली जास्तीची छिद्रं. सरकायला हवं असेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट सरकतं करणारं केमिकल, वापरा, मोजून. आणि व्हायब्रेटर लावा, नाहीतर कॉलमच्या बुडाशी खडी उघडी पडून मधमाशीच्या पोळ्यासारखं होतं आणि तिथून मीठ थेट आत.

खाडीची वाळू वापरली तर चालेल का? धुऊन घेतली तर?

बिनधुतलेली अजिबात नको. बाहेरचं मीठ सळईपर्यंत यायला वर्षं लागतात, खाडीच्या वाळूतून तुम्ही ते पहिल्याच दिवशी सळईला नेऊन चिकटवता, मग कव्हर कितीही द्या काय उपयोग. कोडमध्ये आरसीसीच्या एका घनमीटर काँक्रीटमध्ये सगळं मिळून ०.६ किलोपर्यंत क्लोराईड चालतं. त्यात सिमेंट, वाळू, खडी, पाणी, केमिकल सगळं आलं.

धुतलेली चालू शकते, पण धुतली म्हणजे गोड्या पाण्याने, ढवळून, आणि नंतर लॅबमध्ये क्लोराईड तपासून. ढिगाऱ्यावर एक पावसाळा गेला म्हणजे वाळू धुतली गेली असं बरेच जण सांगतात, वरचा थर धुतला जातो, आतलं आणि बुडाचं तसंच असतं. आता क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, बहुतेक ठिकाणी मिळते, किनाऱ्याजवळ मी तरी तीच सांगतो.

पाण्याचं पण तेच. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. आरसीसीच्या पाण्यात क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पाणी तपासणी स्वस्तात होते, करून घ्या. समुद्राचं पाणी मिसळायला पण नाही आणि क्युअरिंगला, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवायला, पण नाही. आणि चार दिवस मचूळ पाणी मारलं तर काय होतंय असं म्हणू नका, त्याच चार दिवसांत काँक्रीट सगळ्यात जास्त पाणी पीत असतं.

सिमेंट कुठलं घ्यायचं? दुकानदार म्हणतो समुद्राजवळ सल्फेट रेझिस्टिंगच घ्या.

हा गैरसमज फार पसरलाय. सल्फेट रेझिस्टिंग सिमेंटमध्ये सी३ए नावाचा घटक मुद्दाम कमी ठेवलेला असतो, आणि क्लोराईडला पकडून ठेवायचं काम तोच घटक करतो. म्हणजे सल्फेटपासून काँक्रीट वाचतं पण क्लोराईड मोकळं राहून सळईकडे जातं. घराच्या आरसीसीला आपला शत्रू क्लोराईड आहे. त्यासाठी स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) किंवा फ्लाय ॲशवालं (कोळशाची राख मिसळलेलं) पीपीसी चांगलं, त्यांनी छिद्रं बारीक होतात आणि मिठाची वाट अवघड होते.

फक्त एक अट आहे, ही सिमेंटं सावकाश पिकतात, त्यामुळे क्युअरिंग जास्त दिवस लागतं. कोड १४ दिवसांपर्यंत वाढवायला सांगतो. सात दिवस सकाळी एकदा पाईप फिरवला की झालं असं करायचं असेल तर चांगलं सिमेंट घेऊन फायदा नाही. स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा आणि ते सुकू देऊ नका. कव्हरचा भाग बाहेरचा, तोच आधी सुकतो, म्हणजे क्युअरिंग चुकलं की नेमके आपले ते दीड-दोन इंचच कच्चे राहतात.

इपॉक्सी कोटेड, गॅल्वनाइज्ड, सीआरएस, स्टेनलेस, यातली कुठली सळई घेऊ?

साध्या घराला चांगलं कव्हर आणि घट्ट काँक्रीट दिलं तर साधी सळई पुरते. पण विचारताच म्हणून सांगतो.

इपॉक्सीची हिरवी सळई दिसायला भारी, पण कोटिंगला एक ओरखडा गेला की सगळा गंज त्या ओरखड्यावर एकवटतो. अमेरिकेत फ्लोरिडा कीज बेटांना जोडणारे पूल १९८० च्या आसपास अशा सळईने बांधले आणि पाच-सात वर्षांतच त्यांच्या खांबांना गंज दिसायला लागला. आपल्या साईटवर सळई ट्रकमधून कशी टाकतात, पाईप घालून कशी वाकवतात ते तुम्ही बघितलंय, तिथे कोटिंग शाबूत राहील यावर माझा विश्वास नाही.

गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, सळईने काही वर्षं नक्की वाढतात. सीआरएसचं, म्हणजे गंजरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या सळईचं, म्हणाल तर उघड्या हवेत ती साध्या सळईपेक्षा सावकाश गंजते, पण काँक्रीटच्या आत क्लोराईड पोचल्यावर तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

स्टेनलेसची गोष्ट वेगळीच आहे. मेक्सिकोत प्रोग्रेसो गावाला एक लांबलचक धक्का आहे, १९४० च्या आसपास पुरा झालेला, त्यात स्टेनलेस सळई घातली होती, तो अजून वापरात आहे. त्याच्याच शेजारी नंतर साध्या सळईचा दुसरा धक्का बांधला होता, त्याचे पाण्यातून वर आलेले मोडके तुकडे तेवढे राहिले. दोघांना पाणी तेच, वारा तोच. पण स्टेनलेस अनेक पटीने महाग आहे, अख्ख्या घराला परवडत नाही. मग अगदी लाटांसमोरची बाल्कनी किंवा जिना एवढ्यापुरती वापरता येते, तेही इंजिनिअरला विचारून.

साईटवर पावसाळाभर पडून लाल झालेली सळई वापरायची का, हे पण विचारतात. पोपडे निघत असतील तर तारेच्या ब्रशने घासून, गोड्या पाण्याने धुऊन मगच. किनाऱ्यावर त्या गंजात मीठ असतं.

भिंतीला, बीमला तडे गेलेत. कुठला तडा घाबरण्यासारखा?

तड्याची दिशा बघा. बीमच्या किंवा कॉलमच्या लांबीला धरून, सरळ रेषेत, बहुतेक कोपऱ्याजवळ तडा गेला असेल तर तो आतल्या मुख्य सळईच्या गंजाचा आहे असं समजा. ठराविक अंतरावर आडवे तडे असतील तर रिंगा गंजल्यात. तड्यातून तपकिरी डाग ओघळला असेल तर शंकाच नको. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे असतात ते बहुतेक वेळा नुसत्या गिलाव्याचे असतात, त्याने झोप उडवून घेऊ नका.

छोट्या हातोडीने हळूच वाजवा. भक्कम असेल तर ठणठणीत आवाज येतो, आत सुटलेलं असेल तर बद्द. बद्द आवाजाचा स्लॅब असेल तर त्याच्याखाली पाळणा, पलंग, देव्हारा काही ठेवू नका, आजच हलवा. माझ्या पहिल्या काही कामांतच एका घरात रात्री स्लॅबचा मोठा पोपडा पलंगावर पडला होता, माणसं गावच्या जत्रेला गेली होती म्हणून वाचली. तेव्हापासून मी हे आधी सांगतो, बाकी सगळं नंतर.

भिंतीला लोणा लागलाय, तो पण हाच प्रकार का?

नाही. लोणा म्हणजे ओलीबरोबर येऊन पृष्ठभागावर सुकलेले क्षार, विटा आणि चिऱ्यात जास्त. पण ओल येतेय याची ती खूण आहे, आणि त्या ओलीच्या वाटेवर बीम किंवा कॉलम असेल तर लक्ष द्या.

आमच्या सोसायटीला स्ट्रक्चरल ऑडिट करायचंय. कुठल्या टेस्ट लागतात? नुसतं बघून रिपोर्ट देतात तो चालतो का?

महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत आहे की बिल्डिंग १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वर गेली की दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं. नुसतं फिरून फोटो काढून दिलेला रिपोर्ट किनाऱ्याजवळ मला अपुरा वाटतो, कारण गंज दिसायला लागतो तेव्हा आत बरंच झालेलं असतं.

रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक या दोन टेस्ट सगळे करतात, त्या काँक्रीट किती भक्कम आहे एवढं सांगतात. काँक्रीट भक्कम असून सळई गंजलेली असू शकते. म्हणून हे मागून घ्या: कव्हर मीटरने कव्हर मोजणं, फिनॉल्फ्थॅलिन मारून कार्बोनेशन बघणं (ताज्या तोडलेल्या जागी गुलाबी झालं तर पीएच शाबूत, रंग नाही आला तर गेला), हाफ सेल पोटेन्शियल (सळईचा विद्युतदाब मोजून गंज चालू आहे का ते बघणं), आणि वेगवेगळ्या खोलीवरची पावडर काढून क्लोराईड. हाफ सेलमध्ये कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे रीडिंग गेलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. क्लोराईडची टेस्ट पैसे वाचवायला सगळ्यात आधी गाळली जाते आणि किनाऱ्यावर तीच सगळ्यात कामाची, कारण पुढची दुरुस्ती कशी करायची ते तिच्यावर ठरतं.

मुंबई महापालिकेत बिल्डिंगची सी१, सी२ए, सी२बी, सी३ अशी वर्गवारी असते. सी१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी२बी म्हणजे माणसं राहून स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी३ म्हणजे किरकोळ. सी२बी मध्ये असतानाच काम करा. मीटिंगमध्ये वरच्या मजल्यावरचे एक म्हणतात, खालचे दुसरं म्हणतात, वर्गणीवरून दोन-तीन वर्षं जातात आणि तेवढ्यात बिल्डिंग एक पायरी खाली उतरते. हे मी इतक्या वेळा बघितलंय की मीटिंगला बोलावलं की हात जोडून हेच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी तुटलेलं सगळं काढून नवीन प्लास्टर केलं, रंग दिला. आता त्याच्याच बाजूला फुटतंय. कॉन्ट्रॅक्टरने फसवलं का?

कदाचित फसवलं असेल, कदाचित नसेल, कारण चांगल्या मालाने केलेल्या पॅचच्या कडेला पण हे होतं. कसं ते सांगतो. गंजणं म्हणजे एक छोटी बॅटरी असते. सळईचा जो भाग गंजतो तो स्वतः झिजून शेजारच्या भागाला नकळत वाचवत असतो. तुम्ही गंजलेला भाग साफ करून नवीन, बिनमिठाचं मटेरियल भरलं की तो भाग गंजायचा थांबला, म्हणजे शेजाऱ्याला वाचवणारा गेला. शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ आहेच. मग आता तिथे गंज सुरू होतो, बरोबर पॅचच्या कडेला.

म्हणून दिसतं तेवढंच फोडणारी दुरुस्ती किनाऱ्यावर टिकत नाही. एकतर मिठाने भरलेलं काँक्रीट जिथपर्यंत आहे तिथपर्यंत काढा, किंवा पॅचच्या कडेने सळईला झिंकचे छोटे ॲनोड बांधा, ते स्वतः झिजतात आणि सळई वाचवतात. जेट्टी, पूल, मोठ्या इमारतींना बाहेरून बारीक करंट देऊन हेच करतात, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका पुलावर १९७३ ला हा प्रयोग झाला होता, तेव्हापासूनची पद्धत आहे.

मग नीट दुरुस्ती कशी असते? देखरेख करताना मी काय बघू?

सगळ्यात आधी टेकू. बीम किंवा स्लॅब फोडायच्या आधी खाली जॅक लागलेच पाहिजेत, कॉलमला तर वरचा भार उचलून धरल्याशिवाय हात लावायचा नाही. हे टाळून अपघात झालेत.

मग फोडणं. सळईच्या मागे बोट जाईल एवढं, साधारण २० ते २५ मिमी, मोकळं झालं पाहिजे. नुसती पुढची बाजू साफ करून मागे जुनं काँक्रीट ठेवलं तर गंज मागून येतो. लांबीला, स्वच्छ सळई दिसेपर्यंत आणि त्याच्या पुढे अजून थोडं. सळई घासून धातूचा रंग दिसला पाहिजे. जाडी बरीच कमी झाली असेल तर जोडीला नवीन सळई, ते इंजिनिअरने ठरवायचं, फॅब्रिकेटरने नाही. मग गोड्या पाण्याने धुणं, सळईला कोटिंग, बाँडिंग कोट, आणि पॉलिमर मॉर्टर थराथराने, किंवा जास्त जाडी असेल तर फर्मा लावून मायक्रोकाँक्रीट. बाँडिंग कोट सुकायच्या आत पुढचा थर, हे चुकलं की सगळा थर पापडासारखा सुटतो. शेवटी क्युअरिंग, हो, दुरुस्तीला पण क्युअरिंग लागतं!

मे महिन्याच्या शेवटी घाईत सुरू करू नका. दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत संपवा.

वॉटरप्रूफ रंग मारला तर गंज थांबेल का?

सुरू व्हायच्या आधी मारला तर लांबतो. आत मीठ आणि गंज असताना मारला तर आतली ओल कोंडते आणि तुम्हाला तडे दिसत नाहीत एवढंच होतं. गंज सुरू व्हायला पाणी लागतं हे मात्र खरं, म्हणून गच्चीचा कोबा, बाथरूमच्या सनकन (खाली बसवलेल्या) स्लॅबची गळती, छज्ज्याचा उतार, एसीचं पाणी कॉलमवर पडणं, हे आधी बंद करा. तेवढ्यानेच बराच फरक पडतो.

घरात कुठली जागा कोणी बघत नाही?

गच्चीवरच्या आरसीसी टाकीचं झाकण, म्हणजे टाकीच्या वरच्या स्लॅबची आतली बाजू. खाली पाणी, त्यात क्लोरीन, वरून ऊन, दिवसरात्र वाफ धरते. टाकी साफ करायला माणूस उतरतो तो खाली बघतो. त्याला सांगा वर टॉर्च मारायला, किंवा मोबाईलवर फोटो काढून आणायला.

पूल पण असेच गंजतात का? त्यांना काही होत नाही असं वाटतं.

होतं. गोव्यात पणजीजवळचा मांडवीवरचा पूल १९७० च्या सुमारास बांधलेला, तो ५ जुलै १९८६ ला पडला, म्हणजे जेमतेम सोळा-सतरा वर्षांत. त्या पिढीतल्या लोकांना नंतरची फेरीबोटीची गर्दी अजून आठवते. खाऱ्या हवेत आतलं पोलाद गंजणं हे कारण तेव्हापासून सांगितलं जातं. तो प्रीस्ट्रेस्ड पूल होता, आत ताणलेल्या तारा असतात, त्या गंजल्या तर साध्या सळईसारखं आधी पोपडे पाडून इशारा देतीलच असं नाही. त्या मानाने आपला साधा स्लॅब बरा, आधी डाग, मग तडा, मग पोपडा, वर्षानुवर्षं सांगत असतो, आपण बघायला पाहिजे.

गंमत म्हणजे कायम पाण्याखाली असलेला खांबाचा भाग फार सावकाश गंजतो, तिथे ऑक्सिजन कमी पोचतो. भरती-ओहोटीचा आणि तुषारांचा पट्टा, जो सारखा ओला-सुका होतो, तो सगळ्यात वाईट. एखाद्या जुन्या जेट्टीवर ओहोटीला जाऊन खांब बघा, नेमका तेवढाच पट्टा खाल्लेला दिसेल.

पुढे मजला वाढवायचा म्हणून गच्चीवर कॉलमच्या सळया सोडून ठेवल्यात. त्यांचं काय करू?

कोकणात दर तिसऱ्या घरावर हे दिसतं. मुलगा कमवायला लागला की वर मजला चढवू, म्हणून सोडलेल्या असतात, आणि दहा-बारा वर्षांनी त्या इतक्या बारीक होतात की वर जोडायच्या लायकीच्या राहत नाहीत. शिवाय सळई जिथे काँक्रीटमध्ये शिरते तिथून पाणी आणि मीठ आत उतरतं आणि चांगल्या कॉलमचं डोकं फुटतं. नुसतं प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. सळया घासा, सिमेंटचा दाट स्लरी कोट द्या आणि त्यांच्याभोवती फर्मा लावून कमी ताकदीच्या काँक्रीटचा ठोकळा ओता, चारी बाजूंनी दोन-अडीच इंच राहील असा, वरून उतार देऊन. मजला बांधायचा तेव्हा तो ठोकळा फोडायला अर्धा दिवस लागतो, आतली सळई तशीच मिळते. आधीच बारीक झाल्या असतील तर मात्र कापून टाका आणि मजल्याच्या वेळी इंजिनिअरकडून ड्रिल करून केमिकलने नवीन बसवून घ्या.